काच निळी आली, म्हणून भिंत रद्द

मी, मनोरमा महिपत भोईर, वय अडुसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा मदतनीस, राहणार राई, भाईंदर पश्चिम, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहिते आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अक्षर हललेलं दिसेल. ते म्हातारपण नव्हे, आनंद आहे. कालपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही.

१. एप्रिलमध्ये केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. माझ्यामागे चिरंजीव हितेशने सामायिक स्वयंपाकघरात भिंत घालून थोरल्या जाऊबाई सत्यवती यांची चूल वेगळी करावी, असं मी त्यात रागाने लिहिलं होतं. ती भिंत आता नको. कारण कलम पाचमध्ये आहे.

२. घरातला माझा अर्धा हिस्सा हितेश आणि सूनबाई पूर्वी यांना समान. दुसरा अर्धा जाऊबाईंचा मुळातच आहे. बँकेतली ठेव पूर्वीच्या होणाऱ्या बाळासाठी. तिला सहावा महिना आहे. हितेशने त्यातून मोटारसायकल घेऊ नये. मी त्याला जन्मापासून ओळखते.

३. माझा जुना मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्यांची पेटी समिधाला. ती माझ्या हाताखाली शिकली, आता एका मोठ्या प्रयोगशाळेत आहे. हितेश, हे भंगारात घालू नकोस, त्यात काय आहे ते वाच. धुरातलं जहर पेशीत शिरून डीएनएला चिकटतं. ती इजा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी ती चिकटलेली जागा बरोबर हुडकते आणि तिथेच बसते. मग रंग घातला की इजा झालेल्या पेशीचा गाभा तपकिरी दिसतो, धडधाकट पेशीचा निळा. तीस वर्षं हे काम केलं आणि दर वेळी काचेखाली रंग उमटताना माझ्या अंगावर काटा आला.

४. आमचे साहेब काशीनाथ सर यांना मी काहीही देत नाही. चौऱ्याण्णव साली त्यांना तुलनेसाठी तंबाखू न खाणाऱ्या बाईच्या गालाच्या पेशी हव्या होत्या. मी माझ्या दिल्या. काच तपकिरी आली. सरांनी वहीत लिहिलं, "मदतनिसाची चूक." मीही तेच खरं मानलं. फॉर्मवर प्रश्न होता, तंबाखू खाता का? मी 'नाही' लिहिलं, ते खोटं नव्हतं. भाजता का, असं कुणी विचारलंच नाही. आमच्या घरची रीत अशी, की मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू धाकटीने भाजायची आणि दाताला थोरलीने लावायची. रोज सकाळी तो धूर माझ्या तोंडात जात होता. सर, काच बरोबर होती. तुम्हाला माफ केलं, पण आधी चहा पाजा.

५. माझे गुडघे गेल्यावर भाजायचं काम पूर्वीकडे आलं. एप्रिलमध्ये समिधा तपासणीचा नवा फॉर्म घेऊन आली. त्यात प्रश्न होता, घरी मिश्री कोण भाजतं? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पूर्वीचे गाल आतून पुसून समिधाकडे दिले आणि काच तपकिरी आली. पोटात बाळ, आणि ही अशी काच! मी जाऊबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "धुरानं कोन मरतं गो? तुमच्या काचा खोट्या." त्याच संध्याकाळी मी भिंतीचं मृत्युपत्र केलं.

चार दिवसांनी, शेवटचा उपाय म्हणून, मी समिधाकडून आणलेली तीच काच मायक्रोस्कोपखाली लावून त्यांना बसवलं.

"ही माजी हाय ना? दिसतंय काळं," त्या म्हणाल्या.

"तुमची नाही जाऊबाई, आपल्या पूर्वीची."

"ती तं लावत न्हाय!"

"भाजते."

त्या बराच वेळ डोळा काढेनात. दुसऱ्या दिवशी तवा चुलीवर चढला नाही. पन्नास वर्षांची सवय. आठवडाभर त्यांनी सगळ्यांवर आग पाखडली, पण मिश्री मागितली नाही. गालाच्या पेशी भराभर बदलतात, म्हणून तीन महिन्यांनी पूर्वीचे गाल पुन्हा पुसले. काल समिधाचा फोन आला, "बाई, निळी! जवळजवळ सगळी निळी!" मी गुडघे विसरून अंगणात धावले.

६. जाऊबाईंना या पत्रातून काही मिळत नाही, म्हणून त्यांनाच साक्षीदार केलं. मी सगळं त्यांना वाचून दाखवलं. सही करण्याआधी त्यांनी आपलंही एक कलम घालायला लावलं. वकील म्हणाले, दुसऱ्याच्या मृत्युपत्रात असं चालत नाही. मी घातलं. त्यांच्याच शब्दांत:

"पितरांच्या पानावर मेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. मी गेल्यावर माज्या पानावर मिश्री ठेवायची न्हाय. ठेवायची म्हनजे पूर्वीलाच भाजाया लागंल."

मृत्युपत्र करणार: मनोरमा महिपत भोईर (सही)
साक्षीदार: १. सत्यवती दशरथ भोईर (सही) २. रामनाथ पाटील, शेजारी (सही)
राई, भाईंदर पश्चिम. १९ जुलै २०२५