घोड्याऐवजी घरगाडी

आये, हे तुला कुणी वाचून दाखवणार नाही आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे आपलं दोघींचं बरं जमेल. मी बोलतेय आणि माझी सून फोनवर टाइप करतेय. पुण्याची आहे, बोटं भराभर चालतात. "आई, जरा शुद्ध करून लिहू का?" म्हणाली. म्हटलं, माझी आई शुद्ध ऐकून घाबरेल, आहे तसं लिही.

आम्ही न्यूझीलंडात आहोत. हा देश कुठं आहे ते मला नीट सांगता येणार नाही. विमानात जेवण झालं, झोप झाली, परत जेवण झालं, तरी आला नव्हता. तू फक्त तान्हा पाहिलेला तुझा नातू ख्राइस्टचर्चला असतो, भूकंपात पडलेल्या गावात नव्या इमारती उभ्या करतो. त्याच्या लेकीला शाळेची सुट्टी लागली तशी त्यानं एक घरगाडी भाड्यानं आणली आणि म्हणाला, चल, तुला डोंगरातली तळी दाखवतो. आये, या गाडीत चूल आहे, मोरी आहे, दिवसा बाकडं आणि झोपायच्या वेळी पलंग होणारी फळी आहे. मी हसत सुटले. म्हटलं, अरे, हे तर माझ्या आईचं घोडं! अंथरूण, तवा, पिठाची पिशवी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, कालच जन्मलेलं कोकरू आणि त्याच्याशेजारी मी, एवढं तू मेंढरांमागं निघताना एका पाठीवर बांधायचीस. ज्यातून सुटायला म्हणून मी पोराला शिकवलं, ते आता हा पैसे मोजून आठवडाभर भाड्यानं घेतो. फरक एवढाच की तुझं एक भांडं वाटेत कधी वाजलं नाही, आणि इथं प्रत्येक वळणाला कढई खाली येते. हे लिहिलंस का गं? लिहिलं म्हणते. गुणाची आहे.

पहिला मुक्काम टेकापोच्या तळ्यावर. पाण्याचा रंग कसा सांगू, दुधाच्या घागरीत कुणी निळीची पुडी उलटी केल्यासारखा. पलीकडं बर्फाचे डोंगर. काठावर दगडाचं लहानसं देऊळ आहे त्यांचं, मेंढपाळांसाठी बांधलेलं, आणि देवाच्या पाठीमागं भिंत नाही, खिडकी आहे, सगळं तळं आत येतं. जवळच उंच दगडावर कुत्र्याचा पुतळा. नातीनं पाटी वाचली आणि सांगितलं की या कुत्र्यांशिवाय इथं मेंढरं राखताच आली नसती, म्हणून उपकार मानलेत. बरं वाटलं. मी विचारलं, "आणि भाकरी थापणाऱ्या बाईचा पुतळा कुठाय?" ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "आजी, आय डोन्ट थिंक देअर इज वन." म्हटलं, मग चल पुढं.

तिथंच, गाडीच्या पायरीवर चहा घेताना, पोरानं विचारलं. "आई, आता परत जाऊ नकोस. इथंच राहा आमच्याजवळ, कायमची." माझ्या तोंडून लगेच निघालं, "छे, मला काय करायचंय इथं? माझं घर आहे तिकडं." तो म्हणाला, "बरं, तुझी मर्जी." आणि कप विसळायला गेला. झालं, संपलं. मी आपली तळ्याकडं बघत बसले, पण तळं दिसेना मला.

दुसऱ्या दिवशी एक घाट लागला, लिंडिस म्हणतात. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं पिवळं गवत, आणि डोंगरांना अशा घड्या की वाटावं नुकतीच लोकर कातरलेली मेंढी पाय दुमडून बसलीय. पोरगा म्हणाला, जुनी वाट आहे, इथून पहिल्यांदा कळप आणले होते. नातीला शाळेत त्याच्याही मागचं शिकवलंय. माओरी लोक उन्हाळ्यात पक्ष्यांच्या आणि माशांच्या मागं या तळ्यांकडं चढून यायचे आणि थंडी पडली की समुद्राकडं परतायचे. म्हणजे आपलेच की गं! दिवाळी झाली की कोकणात, पावसाच्या आधी माघारी. मी विचारलं, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या काय करायच्या? चालता येईना झालं की? ते तिला शिकवलेलं नव्हतं.

घाट उतरलो आणि रस्ताभर मेंढरं. गाडी थांबली. मागं चार चाकांच्या फटफटीवर एक बाई, दोन कुत्री, बाकी कुणी नाही. आये, मला राहवलं नाही. मी खाली उतरले, पदर खोचला आणि तुझ्यासारखी हाळी दिली, जीभ टाळूला लावून, लांब. तुझ्या हाळीला आपली मेंढरं कोकरं सोडून धावत यायची. ही मेंढरं मला बघून उधळली! अर्धी कुंपणाकडं, अर्धी माघारी. पोरगा लाल होऊन "सॉरी, सॉरी" करत पळाला. बाईनं एक शीळ घातली आणि कुत्र्यांनी सगळी गोळा करून आणली. मग ती टोपी काढून माझ्याकडं आली. मला वाटलं आता शिव्या. तिनं विचारलं, "काय म्हणालात त्यांना?"

"माझ्या मागं या म्हणाले."

नातीनं इंग्रजीत करून सांगितलं तशी बाई पोट धरून हसली. तिच्या हाताला लोकरीचा तोच तेलकट वास होता गं. मी विचारत सुटले. रात्री यांच्याजवळ कोण झोपतं? कुणी नाही. लांडगा? या देशात नाहीच. मग तुला जाग कशानं येते? "कर्जानं," म्हणाली. शेवटी मी विचारलं, तुझी आई कुठं असते? म्हणाली, "आमच्याकडंच, मागच्या खोलीत. गावातलं घर सोडायला तयार नव्हती. दर रविवारी जेवताना विचारायचो, दर रविवारी नाही म्हणायची. एका रविवारी विचारायचं विसरलो, तर चिडून ताटावरून उठली."

सगळे हसले. मी हसले नाही. मला तू दिसलीस.

दिवाळी सरलीय, मी तान्ह्या पोराला घेऊन माहेरी आलेय. घोडी भरलीत. थोरला भाऊ विचारतो, "आये, येतीस का?" तू गुडघ्यावर हात मारून म्हणतेस, "ह्यो नको म्हणतोय. जावा तुम्ही." आणि तो "बरं" म्हणतो. आणि तूच पुढं होऊन दुधाचं भांडं घोड्यावर करकचून बांधतेस. धुरळा बसेपर्यंत तू रस्त्यावर उभी, मग आत येऊन झाडलेलं अंगण परत झाडलंस. मी इतकी वर्षं सांगत आले की माझी आई खमकी, स्वतःहून मागं राहिली. आता वानाकाच्या तळ्याकाठी बसून वाटतंय, कोण जाणे! आपल्यात जेवतानासुद्धा पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही. भाकरी वाढायला आली की हात आडवा करायचा, वाढणारीनं हात बाजूला सारायचा. तुझा हात कुणी बाजूला सारला नाही. तू ते भांडं बांधायला एवढा वेळ का लावलास, आये? वाट बघत होतीस का?

परवा गाडी परत द्यायची आहे. पोरगा आणि नात दुकानातून आइस्क्रीम आणायला गेलेत, दुकानाला इथं डेअरी म्हणतात, दूध कुठं दिसत नाही. तो चांगला आहे गं. इथं नाही म्हणजे नाही असं धरतात, मान ठेवतात माणसाचा, तो तेच शिकलाय. मला राहायचंय, आये. त्यानं आणखी एकदा विचारावं, एवढंच.

सुनेची बोटं थांबलीत. "आई, मी सांगू त्यांना?"

"काही सांगायचं नाही. हे कुणाला पाठवायचं नाही, राहू दे तुझ्या फोनमध्ये."

ती मान डोलावते आणि फोन बंद करते. तुला म्हणून मनात सांगते, पुसून टाक असं काही मी तिला म्हणाले नाही.