पाठीवर पिवळी अक्षरं

२ ऑक्टोबर, मंगळवार

झालं एकदाचं. निवडणुकीला उभ्या असलेल्या हॉलंडबाईंच्या कॅम्पेनमध्ये आपल्या मेक्सिकन लोकांचं मतदान वाढवायची सगळी जबाबदारी माझ्याकडे. याकिमाच्या खोऱ्यात दुसरं होतं कोण म्हणा. दर रविवारी सकाळी रेडिओवर मी बोलतो आणि खोरं ऐकतं. ऑफिसप्रमुख ग्रेग सिएटलहून आलाय. म्हणाला, तुमचे लोक मत टाकतच नाहीत, अबुंदिओ. मी म्हणालो, त्यांच्या दारात आजवर कोणी गेलंच नाही. आता मी जाणार.

मुद्दा एकच. इमिग्रेशनचा कायदा बदलायचा. वीस वर्षं इथली सफरचंदं तोडणाऱ्याला राहण्याचे कागद द्यायचे. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी, ज्यांना आहे त्यांनी उठायचं. हे वाक्य रविवारी वापरायचं.

संध्याकाळी निकानोरकडे गेलो. त्याच्या मुलीला, मारिसेलाला, बाप्तिस्म्यात मी हातावर घेतलं, तेव्हापासून मी तिचा पाद्रीनो, म्हणजे धर्मपिता, आणि आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे. तो बिनकागदाचा. पोर इथे जन्मलेली, म्हणून नागरिक, यंदा अठराची, पहिलं मत. मी सांगितलं, कोंपाद्रे, हिच्या मतातून तुमचे कागद येणार आहेत. तो म्हणाला, येतील तेव्हा येतील. तिचं कॉलेज होईपर्यंत मला कोणी उचलू नये, एवढंच पुरे. मी म्हणालो, उचलू देतो की काय. माझा शब्द आहे.

५ ऑक्टोबर

ऑफिसने कार्यकर्त्यांसाठी सूर्यफुलाचे टी-शर्ट काढले होते. परत पाठवले. आम्ही काय वाढदिवसाला निघालोय? त्याऐवजी गडद निळी जाड जॅकेटं शिवून घेतली, पाठीवर मोठी पिवळी अक्षरं. घातल्याबरोबर माणूस सरळ उभा राहतो. डेल्फिनाने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, हे घालून माझ्या आईच्या घरी जाऊ नकोस. का, विचारलं. म्हणाली, तिला ब्लडप्रेशर आहे. बायकोला कपड्यांतलं कळत नाही.

९ ऑक्टोबर

मोहिमेचा पहिला दिवस. रेल्वेरुळापलीकडचा ट्रेलर पार्क, म्हणजे निकानोरची वस्ती. सोबत माझे दोन पुतणे. दोघे धिप्पाड, केस बारीक कापलेले. हसू नका असं बजावलंय. लोकशाही ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

एकही माणूस घरी नव्हता. घेवड्याच्या फोडणीचा वास येत होता, रेडिओ चालू होते. दार ठोठावलं की रेडिओ बंद पडायचा. वस्तीच्या विजेचं काहीतरी बघायला हवं. बाईंच्या कानावर घालतो.

ठराव: संध्याकाळी लोक दमलेले असतात. पहाटे जायचं.

१३ ऑक्टोबर, पहाट

मतदार हातचा निसटू नये म्हणून नवी पद्धत. दोघं पुढच्या दाराशी, एक मागच्या. ऑफिसने काळ्या काचांची मोठी गाडीही दिली, सन्मान वाढला. ठोठावताना मुठीने ठोठावायचं. बोटाच्या टकटकीने क्रांत्या होत नाहीत.

एका घराच्या मागच्या दारातून एक म्हातारी अनवाणी पळाली आणि कुंपणावरून उडी मारून गेली. त्या वयात. आपल्या लोकांची प्रकृती मुळातच कणखर.

२२ ऑक्टोबर

मतपत्रिका टपालाने घरोघर पोचून चार दिवस झाले. इथे मत घरीच भरून परत पाठवायचं असतं. ग्रेग म्हणतो, रुळापलीकडून जवळजवळ काहीच परत आलेलं नाही. मी म्हणालो, आपल्याकडे सगळं शेवटच्या दिवशी होतं. लग्नसुद्धा.

निकानोर वाटेत भेटला, गाडीतून न उतरता बोलला. म्हणाला, कोंपाद्रे, वस्तीत मिग्रा फिरतेय. पहाटे येतात, काळी गाडी, मागच्या दाराशीही माणूस उभा करतात. तुमच्या कानावर काही आलंय का. फुजी सफरचंदं झाडावर राहिलीत आणि तोडायला माणूस नाही, सगळे घरात बसलेत. बोलताना त्याचे डोळे आरशाकडे होते.

माझं रक्त उसळलं. निवडणुकीच्या तोंडावर गरिबांच्या दारात मिग्रा, इमिग्रेशनचे पोलीस, पाठवणं, हे कारस्थान नाही तर काय? मी म्हणालो, रविवारपर्यंत थांबा. त्यांचं पितळ उघडं पाडतो.

२८ ऑक्टोबर, रविवार

आजवरचं सर्वोत्तम भाषण. शनिवारीच रेकॉर्ड केलं होतं. आज न्याहारी करताना ऐकलं, अंगावर काटा आला. सगळं सांगितलं: मिग्रा आपल्या वस्तीत शिरली आहे, अफवा समजू नका, मी स्वतः खात्री केली आहे. दार उघडू नका. न्यायाधीशाच्या सहीचा कागद मागा. अनोळखी फोन घेऊ नका. आणि निर्भयपणे मत टाका.

डेल्फिना उठून भांडी घासायला गेली. शेवट ऐकला नाही.

३० ऑक्टोबर

एकाही घराने दार उघडलं नाही. काय ऐकतात माझं. एका ठिकाणी आतून बाईने न्यायाधीशाच्या सहीचा कागद मागितला. ऊर भरून आला. दाराखालून हॉलंडबाईंचं पत्रक सरकवलं, त्यावरही सही आहे. पत्रक फाटून परत आलं.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

सगळं खोरं चर्चमध्ये. मिस्सा संपताच दोन शब्द बोलायचे म्हणून आम्ही तिघे मधल्या वाटेने पुढे निघालो. वेदीपर्यंत पोचेतो निम्मे बाक रिकामे, लोक बाजूच्या दाराने बाहेर. जाताना कोणाची तरी झेंडूची टोपली सांडली, ती उचलायलाही कोणी थांबलं नाही. आपल्या मेलेल्यांना भेटायची केवढी ओढ. मन भरून आलं. उरलेल्यांपुढे बोललो. ते गोरे होते.

५ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसच्या यादीत मारिसेलाचं मत अजून आलेलं नाही. हे मला शोभत नाही. निकानोरचा फोन बंद. पहाटेच गेलो. पूर्ण शिस्तीत: पुढे दोघं, मागे एक. मुठीने ठोठावलं, नावाने हाक मारली, पूर्ण नावाने, निकानोर वेगा. आत खुर्ची पडली. मग मागच्या बाजूने पिकअप निघाली, दिवे न लावता. मागचा पुतण्या जेमतेम बाजूला झाला.

इतकी घाई म्हणजे नक्की ग्रंथालयासमोरच्या मतपेटीकडे. बापलेक दोघं. माझं काम झालं.

६ नोव्हेंबर

हरलो. थोडक्यात. ग्रेग म्हणाला, तुमचा भाग नेहमीसारखा मतदान करता तरी जिंकलो असतो. ऑफिसात कोणी माझ्याकडे बघितलं नाही. ठराव: पुढच्या वेळी सहा महिने आधीपासून दारोदार जायचं.

८ नोव्हेंबर

मारिसेलाचा फोन, ओरेगनहून. निकानोरला हायवेवर अडवलं. कारण, गाडीचे दिवे बंद. आता तो मिग्राच्या कोठडीत आहे आणि वकील म्हणतो, महिन्याभरात मेक्सिकोला पाठवतील. पोर रडत नव्हती. म्हणाली, पाद्रीनो, ते सोमवारी पहाटे आले होते. पप्पांचं पूर्ण नाव माहीत होतं त्यांना. मी पडद्याआडून एकाची पाठ बघितली. निळं जॅकेट, पिवळी अक्षरं.

मी म्हणालो, मी सोडणार नाही त्यांना. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग म्हणाली, माझं मत टेबलावरच राहिलं, सही करून ठेवलं होतं. पप्पांचे गरम कपडेही तिथेच आहेत. किल्ली शेजारच्या डोन्या कुकाकडे.

डेल्फिनाला सांगितलं. जॅकेट दाराच्या खुंटीवर होतं, ती त्याच्याकडे बघत राहिली.

११ नोव्हेंबर, रविवार

पहाटे बर्फ पडलं. कपडे आणायला ट्रेलर पार्कात गेलो, एकटाच. थंडी होती म्हणून जॅकेट घातलं.

डोन्या कुकाकडे दिवा होता, रेडिओ चालू होता. पायरीवरूनच आवाज ओळखला. माझाच. कालचं रेकॉर्डिंग, सोमवारच्या पहाटेबद्दल. निळी जॅकेटं कोणाची, याचा जाब मी विचारत होतो. वाक्य उत्तम जमलं होतं.

दार ठोठावलं. जाब अर्ध्यातच तुटला. मग दिवा गेला.

मी आहे, अबुंदिओ, असं म्हणणार होतो. अंधारलेल्या काचेत निळं जॅकेट दिसलं.

जॅकेट काढून हातावर घेतलं आणि किल्ली न घेता परतलो.