अडकित्ता जप्त, पिस्तूल पास

५ फेब्रुवारी, बुधवार

अडकित्ता घेतला काढून! माझ्या आईचा, पितळी, मोराच्या तोंडाचा. आणि तोही आपल्याच विमानतळावर. तपासणीतली पोरगी म्हणाली, मावशी, ये हथियार है. मी म्हटलं, सुपारी कातरायचा आहे. तिने साहेबाला बोलावलं, साहेबाने आणखी एकाला. तिघांनी तो उघडून-मिटून पाहिला. एकाने बोट घालून बघितलं. मग जप्त. वर पावती दिली — ‘एक नग, धातूची कात्री’. कात्री म्हणे!

लोणच्याची बरणीही गेली, तेल आहे म्हणून. बॅग दोनदा मशिनीतून फिरवली. मशिनीपुढचा गडी शेजारच्याला स्वतःच्या बदलीचं रडगाणं सांगत होता. मधल्या विमानतळावर परत सगळं. तिथे बूट काढायला लावले, पाण्याची बाटली ओतून घेतली, केसातले आकडेसुद्धा काढले.

शेवटी पोचलो एकदाचे जर्मनीत. गावाचं नाव अजून मला नीट म्हणता येत नाही. लेक योगिनी वाळलीय. नात एकोणीस दिवसांची. नाक ह्यांच्यावर गेलंय, काय करणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ह्यांची बीपीची गोळी काढायला माझी बॅग उघडली. औषधांची काळी रेक्झिनची पिशवी हाताला लागली. चेन ओढली — आत पिस्तूल.

चेन लावली. परत उघडली. पिस्तूलच. ह्यांचंच, मुठीवरचा चरा ओळखीचा. खाली दुसरी काळी पिशवी होती, औषधं त्यात.

गावाकडे निघोज्यात ह्यांच्या कमरेला पिस्तूल नाही असा दिवस जात नाही. जमीन कंपन्यांना गेली तेव्हापासून लायसन आहे. लग्नात, दहाव्याला, ग्रामपंचायतीत, सगळीकडे. फोटो काढायचा असला की सदरा जरा मागे सारतात. आजवर ते एकदाही उडवलेलं नाही. पण इथे? परदेशात? माझ्या बॅगेत?

हे दाढी करत होते. बघितलं आणि फेस तसाच ठेवून खाली बसले. मग म्हणाले, “बॅग तू भरलीस. दोन्ही पिशव्या काळ्या. घाईत उचलली असंल.”

बॅग मी भरली हे खरं. दोन्ही पिशव्या कपाटात एकाच कप्प्यात असतात हेही खरं. पण एवढं वजन माझ्या हाताला कळू नये? औषधांची पिशवी उचलल्याचं आठवतंय. दुसरीचं काहीच आठवत नाही. छप्पन्न वर्षांची झाले. सुरुवात अशीच होते का?

दुपारी ह्यांना वेगळंच चढलं. दोन देशांनी तपासलं, एकाबी बेट्याला दिसलं न्हाई, असं म्हणत खिडकीशी उभे राहून मिशीवरून हात फिरवत होते. जसं काही स्वतः बांधून आणलं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जावयांना सांगितलं. समर्थ म्हणजे रिकाम्या रस्त्यावर, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, लाल दिव्याला थांबणारा माणूस. सगळं ऐकून त्याने आधी फोन बंद केला. मग फोन फ्रिजमध्ये ठेवला. फोन ऐकतो म्हणे. ह्यांनीही आपला ठेवला, कोथिंबिरीशेजारी.

मग कुजबुजत म्हणाला, “आई, इथे याला तुरुंग आहे. माझी नोकरी, व्हिसा, सगळं जाईल.”

त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला वाईट वाटलं. आकुर्डीच्या कॉलेजातून शिकून इथवर आला पोरगा, आणि सासूने हे आणून ठेवलं.

योगिनीला सांगायचं नाही असं ठरलं. ओली बाळंतीण ती. पिस्तूल तांदळाच्या डब्यात, तळाशी.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजही भात नको म्हटलं. पोळ्याच केल्या. योगिनी म्हणाली, आई, तुला भात इतका आवडतो आणि इथे आल्यापासून काय झालंय?

९ फेब्रुवारी, रविवार

फिरायला म्हणून तिघं नदीवर गेलो. जागा बघायला. टाकायचं कुठे, ते. थंडीने कान गळून पडतील असं वाटत होतं, हे माकडटोपीत. काठावरच्या प्रत्येक बाकावर एकेक म्हातारं, बदकांना पाव घालणारं. एक बाई आमच्याकडे बघून हसली तर समर्थने हातातली पिशवी पाठीमागे लपवली. पिशवीत केळी होती! पिस्तूल घरीच होतं.

परत आलो. मग कचऱ्याचा विचार. इथे चार डबे — कागद, प्लास्टिक, ओला, उरलेला. समर्थ खरंच विचार करत बसला. म्हणाला, यांतल्या कशातच बसत नाही, धातूसाठी गावाबाहेर यार्ड आहे, पण तिथे आधी वेळ घ्यावी लागते आणि वस्तू काय आहे ते लिहून द्यावं लागतं. शिवाय खालच्या मजल्यावरची म्हातारी सगळ्यांचे डबे उघडून तपासते. गेल्या महिन्यात दह्याचा डबा धुतला नव्हता तर चिठ्ठी लावली होती दाराला.

विमानतळावर ही बाई बसवायला हवी होती.

हे म्हणाले, आमी परत कमरेला लावून नेतो की, येताना दिसलं न्हाई तर जाताना काय दिसणार. समर्थ उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

योगिनीने मी आंघोळीला गेल्यावर खिचडी टाकायला डबा काढला.

ओरडली नाही. मी बाहेर आले तेव्हा ओट्यापाशी उभी होती, हाताला तांदूळ चिकटलेले. सगळं सांगितलं. माझी चूक, घाईत उचललं, असं मी म्हणाले. तिने ह्यांच्याकडे बघितलं, समर्थकडे, मग माझ्याकडे.

“आई, तुला खरंच काही आठवत नाही?”

नाही म्हटलं.

संध्याकाळी बाळाला आंघोळ घालताना ती शेजारी येऊन बसली. कधी बसत नाही. पाण्यात कोपर बुडवून बघितलं, मी बघितल्यावर. मग म्हणाली, आई, आजपासून मी बसत जाईन. हळू आवाजात म्हणाली. मला लागू नये म्हणून.

लागलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी चहा केला की योगिनी मागून येऊन शेगडी बंद झाली का बघते. मी खिडकीत उभं राहून निघोज्यापासून आकुर्डीपर्यंतचे सगळे स्टॉप म्हणून पाहिले. एक राहिला. दोनदा राहिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठले आणि पदर खोचला. म्हटलं, समर्थ, चला पोलिसांत. चूक माझी आहे, मी सांगते. पुरे झाला हा लपंडाव. हे म्हणाले बीपी वाढलंय, मी येत न्हाई. योगिनी म्हणाली, आईचं बरोबर आहे.

पिस्तूल पिशवीत, पिशवी कापडी झोळीत, झोळी माझ्या मांडीवर. बसमध्ये समोर शाळेची मुलं. गाडी उसळली की माझा जीव वर.

चौकीला बंद दार. घंटी वाजवून जाळीत बोलायचं. समर्थ इतकं घाबरून बोलला की आतल्या बाईने, बसा, नंबर येईल, एवढंच सांगितलं. बसलो. आमच्या आधी सायकल हरवलेला एक म्हातारा. त्याच्या सायकलची सगळी हकीकत झाली, रंग, घंटी, सगळं. अर्धा तास. आणि पिस्तूल मांडीवर.

मग आमचा नंबर. समर्थने जर्मनमध्ये सांगितलं. बाई लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली. कुठे आहे म्हणाली. मी झोळी दाखवली.

पुढे काय झालं ते सांगता येत नाही इतकं भराभर झालं. मी भिंतीला, समर्थ भिंतीला, सायकलवाला म्हातारा बाहेर बर्फात. झोळी एका लोखंडी पेटीत. पण नंतर त्या बाईनेच मला कॉफी आणून दिली. साधारण योगिनीच्या वयाची. तीन वेळा विचारलं, हे विमानात आलं कसं? तुमची तपासणी झाली नाही? झाली की, म्हटलं, अडकित्ता काढून घेतला. समर्थला अडकित्त्याला जर्मन शब्द सापडेना. तेव्हा मी कागदावर चित्र काढलं, मोरासकट. तिने आणखी दोघांना बोलावून दाखवलं. शेवटी ते चित्र फायलीला लावलं आणि त्याखाली माझी सही घेतली.

जबाबात लिहिलं: बॅग मी भरली. चुकून माझ्याकडून आलं. सही मराठीतच केली, कौशल्या दौलतराव.

प्रकरण वरच्या कचेरीत जाणार. तोवर गाव सोडायचं नाही. तिने शेवटी विचारलं, पूर्वी कधी विसरायला होत होतं का? समर्थने हे भाषांतर करताना माझ्याकडे बघितलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आपल्या विमानतळाचं उत्तर आलं पोलिसांना. समर्थने वाचून दाखवलं. त्या दिवशीच्या सर्व प्रवाशांची नियमाप्रमाणे तपासणी झाली. कुठलंही शस्त्र आढळलं नाही. सबब असं शस्त्र गेलेलं नाही. सोबत जप्त वस्तूंची यादी — त्यात ‘धातूची कात्री, एक नग’ आहे!

म्हणजे अडकित्ता होता आणि पिस्तूल नव्हतंच. पोलीस बाई समर्थला फोनवर म्हणाली, मग माझ्या कपाटात हे काय आहे? पोलिसांनी विमानतळाला पुन्हा लिहिलंय, की नीट बघून सांगा.

हे मात्र खूष. म्हणाले, गेलंच न्हाई म्हणत्यात तर गुन्हा कसला? परत द्या म्हणावं माझी वस्तू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

योगिनी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. आठवणीची तपासणी. घड्याळ काढायला लावलं, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. शंभरातून सात-सात वजा. तीन शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. मी तिन्ही सांगितले, वर त्यांच्या भिंतीवरच्या चित्रात किती गायी होत्या तेही सांगितलं. डॉक्टर हसला. योगिनीला म्हणाला, तुमच्या आईला काही झालेलं नाही.

बसमध्ये योगिनीने माझा हात धरला होता. पण मग ते पिस्तूल आलं कसं, हा प्रश्न दोघींच्या मध्ये बसलेला.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, त्या डॉक्टरला काय कळतंय. आणि उठून फिरायला गेले. एकटे. एवढ्या बर्फात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

विमानतळाने आता कॅमेरे तपासले म्हणे. आमच्या माणसांची चूक नाही हे दाखवायला फोटो पाठवलेत. उद्या पोलिसांनी सगळ्यांना बोलावलंय. ह्यांनाही. सकाळपासून जेवले नाहीत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फोटो बघितला. तपासणीच्या आधीच्या खुर्च्या. मी बाथरूमला गेलेले, बॅग खुर्चीवर. आणि हे वाकून कमरेची काळी पिशवी तिच्यात घालतायत. दुसऱ्या फोटोत इकडेतिकडे बघतायत. तिसऱ्यात मी परत आलेली, आणि हे मला बॅग उचलून देतायत.

चौकीच्या बाकावर म्हणाले, “बाईमाणसाची बॅग कोण एवढं बघतंय, असं वाटलं.”

घरी आलो. योगिनीने बाळ माझ्या हातात दिलं, टॉवेल घेतला आणि आंघोळीला गेली. दार लावून, निवांत.

उद्या मी एकटीच जाणार आहे समर्थबरोबर. जबाब बदलायचाय.