सात आणि सात

२२ जुलै २०२५, मंगळवार. कापडे.
महाडला जाऊन आलो. ह्यांच्या पोटाचा रिपोर्ट आला. ॲसिडिटी नव्हेच. जठरात जखम आहे आणि जखमेत जंतू. डॉक्टर म्हणाले, हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, बहुतेकांना कळतही नाही. पण ह्यांचा विखारी जातीचा निघाला. तो पोटाच्या भिंतीला सुईसारखं टोचतो आणि आपलं विष आत सोडतो. वर दुसरं एक विष आहे, ते भिंतीला भोकं पाडतं. आम्लातही मरत नाही. गोळ्या चौदा दिवस, सकाळ-रात्र, सलग. एकही चुकवायची नाही. जखम फुटली तर माणूस हातचा जाईल, असं ह्यांच्या तोंडावर म्हणाले. बरं दिसलं नाही ते.
बाहेर आल्यावर हे म्हणाले, तीस वर्षं तुझ्या हातचं खातोय, जंतूला सुई कशाला लागली?
गोळ्यांचं माझ्याकडे. कागदावर चौदा चौकोन आखले. निश्चय: एकही रिकामा राहणार नाही.

२३ जुलै. सकाळी ७.
गोळ्या आधी देवापुढे, मग तीर्थाबरोबर ह्यांना. पहिला चौकोन भरला.

२८ जुलै. श्रावणी सोमवार.
ह्यांचा उपवास. गोळी जेवणानंतर, असं पाकिटावर लिहिलंय. मग उपाशी माणसाला कशी द्यायची? उपवास सोडेपर्यंत रात्रीचे नऊ झाले, आठची वेळ टळली होती. सकाळचीही राहिली होती, आज एकही दिली नाही. महादेवाला कळतं.

३० जुलै.
सात चौकोन भरले. जळजळ गेली, ढेकर नाही, दोन भाकऱ्या जेवले. जंतू मेला. आता उगाच औषध कशाला? उरलेल्या सात दिवसांच्या गोळ्या दिपेशला पाठवते. त्याच्याही पोटात आग होते, मागे फोनवर म्हणाला होता. बापलेकाचं पोट एकच. शेजारची बयाबाई उद्या मुलीकडे भांडुपला निघाली आहे, दिपेशही तिथेच राहतो, तिच्याकडे पाकीट दिलं. म्हणाली, गो, डॉक्टरला इचारलंस का? म्हटलं, मी मॅट्रिक आहे.

२० ऑगस्ट.
आज फेरतपासणीची तारीख. गणपती होऊ देत, मग बघू. हे शेतात तण काढायला, बेणणीला गेलेले लवकर परत आले, दम लागतो म्हणतात. वय झालं. शौचाला डांबरासारखं काळं होतंय. नाचणीने होतं तसं. उद्यापासून तांदळाची भाकरी.

२४ ऑगस्ट.
चार दिवस तांदळाची. तरी काळंच. आधीची नाचणी निघत असेल.

२६ ऑगस्ट.
दिपेश आणि सूनबाई समीक्षा गणपतीला आले. समीक्षाने पाकीट जसंच्या तसं माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, आई, ह्यांनी उघडलं पण नाय, दुसऱ्याचं औषध कोण खातं? शिकलेली सून, बोलायची सोय नाही. पण एका परीने बरंच झालं. ह्यांना जुलैत सात दिवस दिल्या, आता सात दिवस देते. चौदा. ताळा बसला. दिपेश म्हणाला, बाबा पांढरेफटक का दिसतात? म्हटलं, हल्ली उन्हात जात नाहीत.

२ सप्टेंबर. विसर्जन.
चौदावा चौकोन भरला. हे नदीपर्यंत आले नाहीत. ओट्यावरूनच हात जोडले.

४ सप्टेंबर. महाड, दवाखाना.
पहाटे ह्यांना उलटी झाली, चहाच्या चोथ्यासारखी. मोरीतच कोसळले. दिपेशने जीप आणली. जखमेतून रक्त जात होतं, किती दिवसांपासून देव जाणे. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या.
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या पूर्ण घेतल्या? म्हटलं, चौदा दिवस. कागद दाखवला. त्यांनी चौकोन मोजले. म्हणाले, एवढं करूनही जंतू जिवंत, म्हणजे तो ह्या गोळ्यांना दाद देत नाही. आता जास्त जोराचं औषध. ह्या वयात झेपेल का, ते बघावं लागेल.

६ सप्टेंबर. दुपारी.
हे बोलायला लागले. म्हणाले, डॉक्टर माझ्या जंतूचं लय कौतुक करतोय. चौदा दिवस औषध खाऊन जगला म्हणे. त्याला सांग, सात दिवस खाल्लंन, महिनाभर इसावा घेतलान, मग परत सात.
मला वाटलं ग्लानीत आहेत. पण डोळे उघडे होते.
म्हणाले, तू सांग गो. मी नाय सांगनार.
मी उठून दारापर्यंत गेले. डॉक्टर ह्यांच्या फाईलमध्ये लिहीत होते. वर इंग्रजीत होतं, कोर्स कम्प्लीट. तेवढं मला वाचता येतं. खाली नवीन औषधांची नावं. त्यांनी मान वर केली, म्हणाले, काही विचारायचंय का?
विचारायचं नव्हतं. सांगायचं होतं.
म्हटलं, पेज दिली तर चालेल?
चालेल म्हणाले.
दोन चमचे दिली.