नडगीतली कळ

लोणी काळभोर, ९ नोव्हेंबर २०२५

ती. उत्कर्षाताईस,
शि. सा. न. वि. वि. (इतका मान एकदाच. सवय लावून घेऊ नकोस.)

फोन फक्त रविवारी मिळतो आणि वॉर्डनमॅडम शेजारी उभ्या राहून ऐकतात, म्हणून हे पत्र. डेंग्यूत तीन आठवडे लोळले, त्याची भरपाई चालू आहे. धावण्याच्या शिबिरात परतल्या दिवसापासून सरांनी मला बाकीच्यांच्या बरोबरीनं घेतलं, वर संध्याकाळी चढावरचा सराव एकटीला. राज्य संघाच्या निवड चाचणीला महिनाही उरला नाही, मग काय करणार?

खोलीत वैष्णवी आहे, परभणीची. आमच्यात सगळ्यात वेगवान, आणि झोपेत बडबडते. उजव्या नडगीत थोडी कळ येते, पण पळायला लागलं की जाते. तुझ्या फिजिओथेरपीच्या पुस्तकात एखादा लेप असेल तर कळव. आईला सांगू नकोस, ती इथंच राहायला येईल.

लोभ आहेच, पुढच्या वेळी चिवड्यासकट असावा.
तेजस्विनी

धायरी, १३ नोव्हेंबर

चि. तेजूस,
अ. उ. आ.

आशीर्वाद अनेक आहेत, लेप एकही नाही. खूप पळाल्यानं हाड मोडतंच असं नाही. तुझं शरीर तीन वर्षं पळतंय, त्याला सवय आहे. पण अंथरुणात पडून राहिलं की ती सवय उतरते, आणि आपल्याला वाटत राहतं की आपण त्याच आहोत. दम लवकर परत येतो, हाड नाही. पळताना ते झिजतं, विश्रांतीत भरून निघतं. भरायच्या आत पुन्हा मार बसला की चीर पडते.

आता खरं सांग. बोटानं दाबलंस तर एकाच जागी दुखतं का? रात्री पडल्यावर ठणकतं का? पाळी वेळेवर येते का? ती थांबली की हाडंही ठिसूळ होतात. सरांना म्हण, सराव अर्ध्यावर आणा आणि हळूहळू वाढवा. सांगायची लाज वाटत असेल तर मी सांगते, मला ती फारशी नाही.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
ताई

लोणी काळभोर, १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
न. वि. वि.

चिवडा पोचला. निम्मा वैष्णवीनं संपवला. सरांना अर्ध्याचं विचारलं. ते म्हणाले, ज्यांना अर्धं पळायचंय त्यांनी चाचणीतही अर्ध्यातून परत यावं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाळीचं म्हणशील तर इथं कुणालाच नीट येत नाही. वैष्णवीला सहा महिने आली नाही, मुली तिला नशीबवान म्हणतात. हल्ली ती जिना उतरताना कठडा धरते, पण ट्रॅकवर अजूनही पुढेच. जेवण चांगलं आहे. थंडी पडली आहे. काळजी नसावी.

तेजू

धायरी, २३ नोव्हेंबर

चि. तेजू,
अ. आ.

थंडीचं कळलं. मी हवामान विचारलं नव्हतं. दोन प्रश्नांची उत्तरं तू गिळलीस.

बाबांनी सरांना फोन केला. मुलगी कणखर आहे, घरच्यांनी तिला मऊ करू नये, असं सर म्हणाले. तेव्हापासून बाबा तो शब्द शेजाऱ्यांनाही ऐकवतायत. चाचणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही दोघं स्वारगेटहून बसनं येतो. तोवर पळू नकोस. आणि वैष्णवीला आजच सांग, जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल तर एक पाऊलही पळू नये.

रागावलीस तरी चालेल, पण लिही.
ताई

लोणी काळभोर, १ डिसेंबर

ताई,

शनिवारी तू नडगी दाबलीस तेव्हा मी बाबांकडे बघून हसत होते. तुला कळलं होतं, मला माहीत आहे. पण एका दिवसाचाच प्रश्न आहे, पळू दे तिला, असं म्हणत बाबा मध्ये पडले.

वैष्णवीला तुझा निरोप सांगितला होता. तिनं विचारलं, ताई निवड समितीत आहे का? काल शेवटच्या फेरीत ती माझ्या पुढे होती. काहीतरी कट्‌कन वाजलं, मला वाटलं बूट तुटला. जेवायला बसावं तशी ती खाली बसली आणि मग ओरडली. सर कडेवरून मला सांगत होते, थांबू नकोस. मी थांबले नाही. तिला वळसा घालून गेले.

माझी निवड झाली. तिचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, रात्रीच ऑपरेशन झालं. आज सकाळी सरांनी माझा सराव आणखी वाढवला.

रात्री दुखतं, ताई. एकाच जागी. पांघरूण लागलं तरी दुखतं. पत्र मिळेल त्या दिवशी ये आणि मला घेऊन जा. मी नको म्हणेन. तरी ने.

तेजू

धायरी, १४ डिसेंबर

प्रिय वैष्णवीस,
स. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. तुझ्या आईशी बोलले. हाडात स्क्रू घातलेत, पुन्हा पळता येईल का ते डॉक्टर सांगत नाहीत, असं त्या म्हणाल्या. तू ओरडत असताना मी पुढे गेले. त्यावर तुला जे म्हणायचं ते म्हण, पण म्हण.

मला न्यायला ताई एकटीच आली. मी खरोखरच नको म्हटलं, दार लावून घेतलं. ती बाहेर पायरीवर बसून राहिली. एमआरआयमध्ये नडगीला चीर निघाली, आरपार गेलेली नव्हती. अजून आठवडाभर पळली असती तर हाड मोडलंच असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता कुबड्या आहेत. संघातली जागा गेली. बाबा माझ्याकडे बघत नाहीत. ते माझ्यावर चिडलेत की स्वतःवर, विचारायचा धीर होत नाही.

आम्ही सामान भरत होतो तेव्हाच तुझ्या पलंगावर एक नवी मुलगी गादी पसरत होती. राजनंदिनी नाव, पंधराची असेल. पावसाळाभर घरी बसले, आता सगळं भरून काढायचंय, असं हौसेनं सांगत होती. ताईनं तिला शेजारी बसवून सगळं समजावलं. तिनं मान डोलावत ऐकून घेतलं, ऐकता ऐकता बुटांच्या नाड्या बांधल्या. मैदानावर शिट्टी झाली तशी ताईला वाकून नमस्कार केला आणि पळत गेली.

तुझा लोभ जेवढा उरला असेल तेवढा राहू दे.
तेजस्विनी