रंग उतरवायचं तेल

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी नाटकाच्या दौऱ्यावर होते, म्हणून तुमचं शेवटचं दर्शन राहिलं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या त्या धर्मापुरीच्या पोरीला मात्र मिळालं. तिथेही तिचाच नंबर आधी लागला, आणि इतकी वर्षं झाली तरी ते माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

अंबाजोगाईच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये तुम्ही आम्हाला अभिनय शिकवायचात. दिवाळीपर्यंत जुन्या सुखात्मिका, दिवाळीनंतर शोकांतिका. नाटक कुठल्याही मुलखातलं असो, आधी प्रसंग आपल्या बोलीत सांगायचा, मगच पुस्तकातली वाक्यं तोंडात घ्यायची, हा तुमचा नियम. एक दिवस मुलगा गमावलेल्या राणीचा प्रसंग मी सांगते आहे. घाटनांदूरच्या बागायतदाराची मी लेक, घरून आरशासमोर घोटून आलेली. पहिल्याच वाक्याला डोळ्यांत पाणी काढते. तुम्ही भिंतीला टेकून चहा बशीत ओतता आणि म्हणता, "तुला रडायची लई घाई हाय, पोरी. राणी अजून रडली न्हाई, तू कावून रडायलीस?" सगळे हसतात. मग ती उठते, धर्मापुरीची, आईबाप ऊसतोडीला गेलेले. म्हणते, "सर, राणीला पोरगं गेल्याचं सांगितलं. ती काई बोलली न्हाई. तव्यावरची भाकर तेवढी उलथली, करपंल म्हणून." तुमचा चहा बशीतच राहतो. राणी तिला मिळाली आणि मला राणीची चहाडखोर दासी, लोकांना मधेमधे हसवायला.

हसवलं मी. लोक पोट धरधरून हसले. पण मला ते हसणं नको होतं, सर, मला तेल हवं होतं. प्रयोग संपला की शोकांतिकेतल्या मुख्य पात्राचा रंग तुम्ही स्वतः उतरवायचात, खोबरेल तळहातावर चोळून. "रडून आलेल्या माणसानं लगेच आरशात बघू न्हाई," म्हणायचात. जेवून उठलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं तुम्ही तिचं तोंड पुसत असायचात आणि मी कोपऱ्यात फडक्याने माझे गाल खरवडत असायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तीन वर्षं शिकले तुमच्याकडे. माझ्या तोंडाला तुमचा हात कधी लागला नाही.

गेल्या वर्षी आमची गाडी मांजरसुंब्याला जेवायला थांबली. ती तिथे नवऱ्याबरोबर ढाबा चालवते, नाटक कधीच सुटलं तिचं. शेंगदाण्याची चटणी वाढताना म्हणाली, "टीव्हीवर बघतो की आमी तुला. लई हसवतीस." मला राहवेना, मी तेलाचं काढलं. "अगं, डोळ्यात लई झोंबायचं ते," ती म्हणाली. "पण सरांना सांगावं कुणी?" ज्याच्यासाठी मी झुरले ते तिला झोंबायचं.

आता मी त्याच हॉलमध्ये शिकवते. परवा मुलांचा प्रयोग झाला, तेच नाटक. राणी झालेली पोर चांगली निघाली, पहिल्या वाक्याला अजिबात रडली नाही. प्रयोगानंतर मी हातावर तेल घेतलं आणि दासीला जवळ बोलावलं. ती बावरली. "मॅडम, आधी तिचं पुसा की," म्हणाली. मी तिला गप्प बसवलं आणि सावकाश पुसत राहिले, कानामागचा रंगसुद्धा सोडला नाही. राणी फडकं हातात धरून दारापाशी ताटकळली. मग आरशाकडे वळली आणि स्वतःच पुसायला लागली.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही ते एका परीने बरंच आहे. दासीची मला माया आली असं तुम्हाला वाटलं असतं, आणि तुम्ही मला शाबासकी दिली असती. तसं काही नव्हतं, सर. मला ती राणी तशी फडकं धरून उभी राहिलेली बघायची होती.