माणशी एक

वेस्टरहाउट, आयोवा
मंगळवार, १५ ऑक्टोबर

प्रिय आई,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. सगळे बरे आहात हे वाचून बरं वाटलं. मिरियमला अपूर्णांक जमायला लागले, हेही. तिला म्हणावं, छेद सारखे केल्याशिवाय बेरजेला हात लावू नकोस. मी त्यात एक अख्खा हिवाळा घालवला होता. माझी खोली उबदार आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम ठीक चाललंय. या आठवड्यात मुलांच्या जेवणाचा तक्ता मला लिहायला दिला आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. इथं चुका कुणी शोधत नाही, पण मी शोधल्या.

तुझं पत्र सहा ओळींचं आहे. पहिली मिरियमविषयीची. मधल्या चार बाबांच्या, अक्षर तुझं असलं तरी. तू 'यथोचित' हा शब्द आयुष्यात कधी वापरलेला नाहीस. रविवारी उपासना झाल्यावर मी चर्चच्या तळघरात महिला मंडळासमोर उभं राहून यथोचित माफी मागावी, शुक्रवारच्या सामन्यांचं काम सोडावं, आणि हे होईपर्यंत रविवारी घरी जेवायला येऊ नये. तीनदा वाचलं, नीट वाचलंय याची खात्री व्हावी म्हणून.

सहाव्या ओळीकडे नंतर येते.

आधी जे घडलं ते क्रमानं सांगते. तुमच्यापर्यंत ते आर्लीनकाकूंकडून आलंय, आणि काकू मंडळाच्या अध्यक्ष असल्या तरी त्यांना क्रमानं सांगता येत नाही.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी पालकांचा एक क्लब आहे. मैदानाच्या कडेला त्यांची खाण्याची टपरी आहे, ती व्हर्नाबाई चालवतात. वय चौऱ्याहत्तर, आवाज त्याहून मोठा. गेली कित्येक वर्षं तिथं उकडलेले सॉसेज आणि पाकिटातले वेफर्स एवढंच मिळतं. गेल्या महिन्यात त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "शेवटच्या दोन सामन्यांना काहीतरी गरम हवंय. कुणाला येतं काही करता?"

माझा हात वर गेला. शाळेऐवजी आपल्या जेवणाच्या टेबलावर तुझ्याकडे शिकताना हात वर करायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे तो कसा वर गेला ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणाले, माझी आई बीफचे भाजलेले सँडविच करते.

सगळं तुझ्यासारखं केलं. गुरुवारी संध्याकाळी मांस मंद आचेवर लावलं, शुक्रवारी सकाळी दोन काट्यांनी सोडवलं, त्याचाच रस परत त्यात जिरवला. बटरमध्ये मोहरीचा सॉस, किसलेला कांदा आणि खसखस कालवून ते बनच्या दोन्ही बाजूंना लावलं. वर चीजचा एक काप. मग फॉइल, मग ओव्हन, पंचवीस मिनिटं. बर्फ ठेवायच्या रिकाम्या पेट्यांत जुने टॉवेल घालून सगळं रचलं, म्हणजे दोन तास गरम राहतं. यात माझं स्वतःचं काही नाही. मोजमापही तुझंच.

तीनशे माणसं येतील असं व्हर्नाबाईंनी सांगितलं होतं. मी गणित केलं, तू शिकवलंस तसं. माणशी एक, आणि दर दहामागे एक जास्त. तीनशे तीस. त्याला कच्चं मांस पंच्याऐंशी पौंड. पंच्याऐंशी पौंडांना मांस शिजवायचे चार मोठे रोस्टर लागतात, आणि टपरीत दोनच होते.

बाकीचे दोन मी चर्चच्या तळघरातून आणले. शनिवारी झाडलोट करते म्हणून किल्ली माझ्याकडे असते. बुधवारी आणले, शनिवारी सकाळी धुऊन, पुसून, वायरी गुंडाळून जागेवर ठेवले. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. ही पळवाट होती हे मला तेव्हाही माहीत होतं. बुधवारपासून मला नीट झोप नाही. एवढं लिहिल्यावर कदाचित लागेल.

रोस्टरच्या बाजूला ती पट्टी आहे ना, 'महिला मंडळ, हलवू नये', ती मी काढली नाही. काढणं म्हणजे लबाडी झाली असती. आर्लीनकाकूंचा नातू संघात आहे. त्या रांगेत आल्या, एक सँडविच खाल्लं, परत रांगेत आल्या, दुसरं खाल्लं, आणि मग त्यांना पट्टी दिसली.

"हे आपले दफनाचे रोस्टर आहेत," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"यातून आपण शोकातल्या लोकांना जेवू घालतो, तिर्झा."

"हो, काकू. शनिवारी परत ठेवते."

"तुझ्या आईला माहितेय हे?"

मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, तुमचं खाऊन झालं असेल तर सरका, आमचा शोक अजून बाकी आहे." सगळी रांग हसली. मी हसले नाही. पण आतून हसू आलं, हे लपवत नाही.

पण हे सगळं लगेच मागे पडलं, कारण मध्यंतराला दहा मिनिटं असतानाच सँडविच संपले.

आई, तीनशे तीस. मी दोनदा मोजले होते. रांग मात्र मैदानाच्या फाटकापर्यंत गेलेली, लोक हातमोजे घातलेले हात एकमेकांवर आपटत उभे. एक शेतकरी, बहुतेक कुठल्यातरी खेळाडूचे वडील, रिकाम्या पेटीत वाकून बघत म्हणाले, "बाई, तिकडं पोरं आपली हाडं मोडून घेतायत आणि इकडं तू आम्हाला उपाशी मारतेस." मी रडायच्या बेतात होते. व्हर्नाबाईंनी मला मागं ओढलं.

"किती केले होतेस?"

"तीनशे तीस."

"तीनशे माणसांना?"

"माणशी एक. दर दहामागे एक जास्त."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माणशी एक? का गं, कोण गेलंय?"

मला कळलंच नाही. मग कळलं. तू मला जितक्या माणसांचा हिशेब शिकवलास ती सगळी माणसं दफनाहून परतलेली होती. शोकातला माणूस एक सँडविच घेतो, त्यातलं निम्मं बशीत ठेवतो. मी ते नियम म्हणून पाठ केलं. दुसऱ्या कुठल्या गर्दीला मी कधी जेवू घातलंच नव्हतं. थंडीत उभी राहून ओरडणारी माणसं किती खातात, हा प्रश्न आपल्या पुस्तकात नव्हता.

शेवटचं एक सँडविच व्हर्नाबाईंनी स्वतःसाठी बाजूला ठेवलं होतं. ते त्यांनी हातात घेतलं, पण उघडलं नाही. नुसत्या फॉइलकडे बघत बसल्या. तुझी घडी तुला माहीतच आहे: वरच्या कडा जुळवून दोनदा खाली दुमडायच्या, दोन्ही टोकांना पाकिटासारखा त्रिकोण करायचा, आणि बिनकांद्याचं असेल तर एक त्रिकोण वर वळवायचा. मला वाटायचं सगळं जग फॉइल असंच गुंडाळतं.

"ही घडी तुला कुणी शिकवली?"

"आईनं."

"आई कोण तुझी?"

"जोलीन. गावाबाहेर राहतो आम्ही, उत्तरेच्या रस्त्याला."

"जोलीन पोस्टमा?"

तुझं माहेरचं आडनाव मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्या उठल्या. फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला, त्यातून जुनी कार्डं उलटीपालटी केली आणि एक माझ्यासमोर ठेवलं. कार्डाच्या कोपऱ्यात बटरचा डाग आहे. अक्षर तुझं आहे, फक्त जास्त उतावळं. 'भाजलेलं बीफ, सामन्याचा दिवस. माणशी दोन. वारा उत्तरेचा असेल तर आणखी शंभर. रांगेतल्या कुणालाही परत पाठवायचं नाही.' खाली जो. पो., १९९४.

"दोन वर्षं ही टपरी तुझ्या आईनं चालवली," व्हर्नाबाई म्हणाल्या. "ट्रम्पेट वाजवायची बँडमध्ये. मध्यंतरात वाजवायची, मग त्याच गणवेशात धावत इथं यायची आणि माझ्यावर हुकूम सोडायची. लग्न ठरल्यावर हे सँडविच तेवढे घेऊन गेली चर्चच्या तळघरात. मला वाटलं, तुला माहीत असेल."

काल सकाळी मी शाळेच्या व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटापाशी गेले. सात आठवडे रोज त्याच्यासमोरून जात होते. त्यात बँडचा जुना फोटो आहे: तिसरी रांग, डावीकडून चौथी. तोंड उघडं आहे तुझं, बहुतेक कुणावर तरी ओरडते आहेस.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते. रागावण्यासाठी मी बरंच शोधलं. तू माझ्याशी खोटं बोललीस असं मला सापडायला हवं होतं. मी आठवून आठवून पाहिलं, लहानपणापासूनचं. खिडकीतून मैदानाचे दिवे दिसायचे आणि मी विचारायचे, तिकडं काय असतं. तू दर वेळी एकच वाक्य म्हणायचीस: "आपण तिकडे जात नाही." वर्तमानकाळ. एकदाही म्हणाली नाहीस की मी कधी गेले नाही. व्याकरण तूच शिकवलंस मला, त्यामुळे कळतं की ते वाक्य किती जपून बनवलेलं होतं. मी जितकी जपून बोलते तितकंच. ही सवय माझी एकटीची आहे असं मला वाटायचं.

आणखी एक कबुली. टपरीत काम करताना मी मैदानाकडे पाठ करून उभी होते. म्हणजे काम केलं, पण सामना पाहिला नाही, असं बाबांना सांगता आलं असतं. पहिल्या तासाभरात ते खरंही होतं. मग एकदम सगळी माणसं उभी राहिली, पायाखालच्या फळ्या हलल्या, आणि मी वळले. आमचा एक मुलगा चेंडू पोटाशी धरून पळत होता आणि त्याला कुणी पकडू शकत नव्हतं. मी ओरडले, आई. शब्द नव्हता, नुसता आवाज. मला त्याचा पश्चात्ताप झाला का हे मी शनिवारभर तपासलं. झाला नाही.

आता उत्तर.

रविवारी मी येईन. मंडळासमोर उभी राहीन. दोन रोस्टर न विचारता नेले, याची माफी मागेन, आणि मनापासून मागेन, कारण ते चुकलं. तळघराची किल्ली आर्लीनकाकूंच्या हातात देईन. त्याच्या पुढे एक शब्दही बोलणार नाही. सामन्याला सँडविच केल्याची माफी मी मागणार नाही. भुकेल्या माणसाला गरम खायला दिलं यात दफन आणि फुटबॉल असा भेद मला सापडत नाही, आणि मी शोधण्यात कमी पडत नाही हे तुला माहितेय. शुक्रवारचं काम मी सोडणार नाही. यासाठी रविवारच्या टेबलावर माझी जागा राहणार नसेल, तर माझी उंच खुर्ची मिरियमला द्या. तिची उंची टेबलाला पुरत नाही. हे खोडायला मी रबर घेतलेलं नाही.

बाबांना हे पत्र वाचून दाखवलंस तर चालेल. तुझ्या कार्डाविषयी त्यांना माहीत असेल तर हा भागही. नसेल तर तो तू ठरव. मी कुणाला सांगणार नाही. कार्ड मी घेतलं नाही. ते टपरीचं आहे. मी नक्कल करून घेतली.

आता सहावी ओळ. पत्राच्या अगदी तळाशी, सही झाल्यावर, बारीक अक्षरात तू लिहिलंयस: 'किती केलेस?'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हा दोष मोजण्यातलाच एक प्रश्न आहे, बाबांनी विचारायला सांगितलेला. आज कार्डाची नक्कल समोर ठेवून परत वाचलं. आई, हा प्रश्न बाबांना पडणारच नाही. टपरीच्या आत उभं राहिलेल्या माणसालाच तो पडतो.

तीनशे तीस केले. कमी पडले. एकशे चाळीस जणांना परत पाठवलं, आणि ते तू कधी केलं नसतंस.

या शुक्रवारी सातशे करतेय. रोस्टर या वेळी व्हर्नाबाईंनी त्यांच्या बहिणीकडून, शेजाऱ्यांकडून विचारून आणलेत, टपरीचे दोन सोडून बाकीचे सातही. बटर लावायला, मांस भरायला माणसं आहेत. घडी घालणारी मात्र मी एकटीच, बाकीच्यांच्या पुड्या पेटीत उघडतात. दुपारी दोनपासून शाळेच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं असेल. तुला ये असं मी म्हणत नाही. तुला काय अवघड आहे ते आता मला कळतं, आणि तरीही मी तुझ्याइतकी मुकाट राहणार नाही. दार उघडं आहे एवढंच कळवते.

हे पत्र मी लिफाफ्यात घालण्याआधी तुझ्या घडीनं दुमडलंय. एक त्रिकोण वर वळवलाय, कारण तुला कांदा चालत नाही. चुका सापडल्या तर लाल पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवू नकोस. हातात घेऊन ये.

शुक्रवारी वारा उत्तरेचा आहे.

तुझी, टेबलाच्या डाव्या बाजूची विद्यार्थिनी,
तिर्झा